मराठी कादंबरीतील व्यक्तिचित्रणाची वाटचाल : ‘यमुनापर्यटन’ ते ‘धग’

प्रस्तावना :
कादंबरीतील माणूस वाचकासमोर प्रामुख्याने दोन मार्गांनी येतो. एक तर निवेदक त्याच्याविषयी सांगतो; अथवा ते पात्र स्वतःच्या बोलण्यातून व वागण्यातून उलगडत जाते. मराठी कादंबरीच्या पहिल्या शंभर वर्षांत या दोन मार्गांचे परस्परसंबंध कसे बदलत गेले, याचा निवडक कादंबऱ्यांच्या आधारे शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१) उदाहरणादाखल आलेली पात्रे :
बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) ही मराठीतील पहिली सामाजिक कादंबरी मानली जाते. हिंदू विधवांच्या दुःस्थितीचे दर्शन घडविणे हा तिचा प्रकट हेतू होता. यमुना व तिचा पती विनायक प्रवासात ज्या विधवांना भेटतात, त्या प्रत्येकीची कहाणी एकेका रूढीचा दाखला म्हणून येते. प्रश्न ठळक होतो; त्या स्त्रिया मात्र व्यक्ती म्हणून धूसरच राहतात. पुढे ‘मुक्तामाला’ (१८६१) सारख्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांतही पात्रे सुष्ट आणि दुष्ट अशा ठरीव गटांत विभागलेली दिसतात.

२) पात्राच्या मुखातून कथन :
हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी ‘करमणूक’मधून १८९० पासून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. विषय पुन्हा स्त्रीच्या दुःखाचाच, नायिकाही पुन्हा यमुनाच. परंतु येथे यमू स्वतः आपली हकिकत सांगते. पांढरपेशा घरातील बायकांच्या बोलण्याचा घरगुती ओघ तिच्या निवेदनाला लाभला आहे. लहानपणीचा अजाणपणा, माहेर-सासरच्या माणसांचे बारकावे, मनातल्या मनात दडपलेला संताप हे सारे वाचकाला तिच्या शब्दांतून जाणवते. स्वभावाचे प्रमाणपत्र देणारा मध्यस्थ येथे बाजूला सरला, हे हरिभाऊंचे ऐतिहासिक कार्य होय.

३) ‘मी’ आणि वाणी :
पुढे बा. सी. मर्ढेकरांनी ‘रात्रीचा दिवस’ (१९४२) मध्ये संज्ञाप्रवाही तंत्राद्वारे मनाच्या विस्कळीत हालचालीच कथनाचा विषय केल्या. तथापि केवळ प्रथमपुरुषी निवेदनाने पात्र स्वतंत्र होतेच असे नाही. वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’ (१९५९) मध्ये ययाति, देवयानी व शर्मिष्ठा हे तिघेही आपापली बाजू मांडतात. मात्र तिघांच्या मुखी खांडेकरांचीच अलंकृत, सुभाषितप्रचुर भाषा येते. दृष्टिकोन तीन, वाणी एकच, असे तिचे स्वरूप आहे.

४) ‘धग’ : बोलीतून साकारलेली व्यक्तिरेखा :
‘ययाति’नंतर एका वर्षाने प्रसिद्ध झालेली उद्धव शेळके यांची ‘धग’ (१९६०) याच्या उलट टोकाला उभी आहे. येथे निवेदन तृतीयपुरुषी आहे. शिंपी कुटुंबातील कौतिक आत्मकथा सांगत नाही, तरीही ती यमूइतकीच जवळची वाटते. याचे कारण संवादांतील वऱ्हाडी बोली. निष्क्रिय नवरा महादेव, लेकरे आणि दारिद्र्य यांच्याशी झुंजताना ती रागावते, टोमणे मारते, हिशेब करते. तिच्या प्रत्येक वाक्यातून तिचा स्वाभिमान व्यक्त होतो. लेखक तिच्यावर कीव उधळीत नाही, म्हणूनच अखेरीस तिचे मन ढासळते तेव्हा वाचक हादरतो.

निष्कर्ष :
व्यक्तिचित्रणाचा हा इतिहास म्हणजे पात्राविषयी निर्णय देण्याचा अधिकार लेखकाने क्रमशः सोडून देण्याचा इतिहास आहे. निवेदन प्रथमपुरुषी की तृतीयपुरुषी, हा प्रश्न तुलनेने गौण ठरतो. पात्राला त्याची स्वतःची वाणी मिळाली की नाही, हा प्रश्न निर्णायक आहे.

अध्यापनाच्या दृष्टीने ही बाब विशेष महत्त्वाची आहे. ‘कौतिकचे स्वभावचित्र रेखाटा’ या प्रश्नाला ‘कष्टाळू, सोशिक, स्वाभिमानी’ अशी विशेषणांची यादी हेच उत्तर उत्तरपत्रिकांतून येते आणि आपण त्यास गुणही देतो. म्हणजे शेळके यांनी जे टाळले, तेच आपण विद्यार्थ्यांकडून करवून घेतो. हिंगणा परिसरातील खेड्यांतून येणारा विद्यार्थी घरी ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’ असे बोलतो आणि वर्गात मात्र गप्प राहतो. कौतिकची बोली वऱ्हाडची, त्याची नागपूरकडची. तरीही या दोन बोली एकमेकींना परक्या नाहीत. तिचा एखादा संवाद त्याच्याकडून वर्गात मोठ्याने वाचून घेतला आणि ‘ही बाई असे का बोलली असेल?’ एवढेच विचारले, तर विशेषणांच्या यादीपेक्षा मोलाचे उत्तर मिळण्याची शक्यता आहे. आपली बोली ही अशुद्ध भाषा नसून एका श्रेष्ठ व्यक्तिरेखेचे मर्म आहे, हेही त्यास त्याच वेळी उमगेल.