मज्जातंतूतली मज्जा कुणाची?

लोणी भापकरच्या पुष्करणीच्या पायऱ्या उतरताना कमरेतून पायात कळ गेली, तर गावात म्हणतात ‘शीर दबली’. तोच माणूस बारामतीच्या दवाखान्यात गेला की शिरेचा ‘मज्जातंतू’ होतो.

आता मज्जा म्हणजे काय, हे मटण खाणाऱ्याला सांगावं लागत नाही. रश्श्यातली नळी ताटावर आपटून जो गर चोखतात, ती मज्जा. हाडातला हा गर मेंदूचे निरोप नेणाऱ्या धाग्यांना कसा चिकटला?

आयुर्वेदातून, असं उत्तर चटकन मिळतं. सात धातूंत मज्जा सहावी आहेच. पण चरकसंहितेच्या शारीरस्थानात शरीरातल्या द्रव्यांची मापं दिली आहेत. तिथे मज्जा एक ओंजळ आणि मस्तिष्क अर्धी ओंजळ, असा हिशेब वेगवेगळा मांडला आहे. सुश्रुताकडेही मेंदूच्या द्रव्याला ‘मस्तुलुंग’ हे स्वतंत्र नाव आहे. खाटकाच्या दुकानात नळी वेगळी आणि भेजा वेगळा, तसंच हे. म्हणजे शब्द आयुर्वेदाचा असला, तरी अर्थ तिथला नाही.

तो अर्थ समुद्रापलीकडून आला असणार. ग्रीक ‘मायेलॉस’ म्हणजे हाडातला गर आणि पाठीच्या कण्यातला दोरही. लॅटिनमध्ये त्या दोराला ‘मेड्युला स्पायनॅलिस’ म्हणत, आणि इंग्रजी वैद्य बराच काळ ‘स्पायनल मॅरो’ म्हणत. मुंबईत १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं. पाश्चात्त्य शरीरशास्त्र मराठीत सांगायची वेळ आली, तेव्हा ‘मॅरो’साठी ‘मज्जा’ हाताशी होतीच. सर्वांत मोठा पुरावा मेंदूच्या तळच्या भागाच्या ‘लंबमज्जा’ या नावात आहे. ‘मेड्युला ऑब्लाँगाटा’, म्हणजे लांबट मज्जा, याचं ते शब्दाला शब्द लावून केलेलं भाषांतर आहे.

पुढे विश्वकोशाने ‘तंत्रिका’ जवळ केली, शाळेच्या पुस्तकांनी ‘चेता’. दोन्ही शब्द नेटके आहेत. तरी जुना शब्दच सरस. १८५४ मध्ये फिर्खो यांनी या धाग्यांवरच्या स्निग्ध वेष्टनाला ‘मायलिन’ म्हटलं, तेही त्याच ग्रीक मज्जेवरून. म्हणजे मज्जातंतू हा खरोखरच मज्जेत गुंडाळलेला तंतू ठरला.

मेंदूतून निघणारा असा सर्वांत लांब तंतू शोधायचा तर मेंदूच्या हालचाल-पट्ट्यात जावं लागतं. १८७४ मध्ये कीव्हच्या व्लादिमिर बेट्झ यांना तिथल्या पाचव्या थरात राक्षसी पेशी दिसल्या. त्यांतल्या काहींचा तंतू मध्ये कुठेही न तुटता थेट कमरेपर्यंत उतरतो. पाय हलवायचा हुकूम याच पेशी देतात, असं बराच काळ मानलं गेलं. मग १९४० च्या सुमारास लासेक या संशोधकाने त्या मोजल्या. मेंदूच्या एका अर्ध्या भागात त्या सुमारे ३४ हजारच भरल्या, आणि खाली उतरणारे तंतू तर एका बाजूला सुमारे १० लाख. बाकीचे सगळे लहान पेशींचे.

शिवाय दूरवर तंतू धाडणाऱ्या सगळ्याच पेशींचे तंतू खाली उतरत नाहीत. काहींचे तंतू मेंदूच्या दुसऱ्या अर्ध्या भागात जातात, पण कवटीबाहेर पडत नाहीत. सहाव्या थरातल्या बऱ्याच पेशी मेंदूच्या आत खोलवर असलेल्या थॅलॅमस या भागाशी बोलतात. खाली उतरणाऱ्यांतही दोन घराणी आहेत, हे २०१८ मध्ये अमेरिकेतल्या जनेलिया संशोधन केंद्रात उंदरांवर दिसलं. जीभ कोणत्या बाजूला काढायची ते उंदराला आधी कळायचं, पण इशारा होईपर्यंत थांबावं लागायचं. त्या थांबण्यात पाचव्या थराच्या वरच्या भागातल्या, थॅलॅमसकडे जाणाऱ्या पेशी तयारी धरून ठेवत. इशारा झाला की खालच्या भागातल्या पेशी जीभ हलवायचा हुकूम सोडत. त्यांचे तंतू जात होते लंबमज्जेत.