मायकोसिस फंगॉइडिस

मायकोसिस फंगॉइडिस हा त्वचेच्या टी-पेशी लिम्फोमाचा सर्वाधिक आढळणारा प्रकार आहे. नावात बुरशीचा निर्देश असला तरी हा कर्करोग बुरशीजन्य नाही. फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ आलिबेर यांनी १८०६ मध्ये त्याचे वर्णन केले. गाठींच्या अळंबीसदृश आकारावरून हे नाव रूढ झाले.

निदान

आरंभीचे चट्टे इसब किंवा सोरायसिससारखे दिसतात. सावळ्या त्वचेवरील फिकट चट्ट्यांमुळे कुष्ठरोगाचाही संशय येतो. त्यामुळे निदानास अनेकदा कित्येक वर्षे लागतात. बायॉप्सीत अधित्वचेत शिरलेल्या विकृत टी-पेशी आढळतात. स्टेरॉइड मलमाने ही लक्षणे झाकोळली जातात. पहिली बायॉप्सी अनिर्णायक ठरल्यास ती पुन्हा करावी लागते.

सेझारी सिंड्रोममध्ये मात्र जवळजवळ सर्वांगाची त्वचा लाल होते व विकृत पेशी रक्तातही मोठ्या प्रमाणात आढळतात. तो अधिक आक्रमक असून त्याचे उपचार वेगळे असल्याने हा भेद वेळीच ओळखणे आवश्यक ठरते.