गिटारची शिंपली किनार

जिच्यामुळे स्वरात तिळमात्र भर पडत नाही, त्या किनारीसाठी कारागिराने छाती का झिजवावी, हा प्रश्न आम्हांस मार्टिन गिटारींच्या इतिहासाने पाडला. जर्मनीहून १८३३ साली अमेरिकेत आलेल्या या घराण्याच्या उंची वाद्यांच्या काठाने ॲबलोनी या सागरी गोगलगाईचा शिंपला झळाळतो. शिंपला ठिसूळ, वाकत नाही. गिटारला तर कमर! तेव्हा बारीक तुकडे वळणाबरहुकूम कापून, खाचेत सांध्यास सांधा भिडवून चिकटवावयाचे आणि घासून सपाट करावयाचे. त्याची पूड श्वासावाटे गेल्यास अपायकारकच. जीन ऑट्री या गायक-नटासाठी १९३३ साली घडविलेली ‘डी-४५’ याच थाटाची. १९४२ पर्यंत अशा अवघ्या ९१ निघाल्या. पुढे १९६८ साली त्या पुन्हा घडू लागल्या. हल्ली शिंपल्याचे पापुद्रे एकावर एक चिकटवून केलेले तक्ते मिळतात, नासाडी कमी होते. हातघडणीच्या गिटारीत कमरेच्या वळणावर मात्र तुकडे बोटांनीच जुळवावे लागतात.