पीकॉक रूम
पीकॉक रूम (मयूरकक्ष) हे अमेरिकी चित्रकार जेम्स मॅकनील व्हिस्लर यांनी १८७६–७७ मध्ये लंडनमधील एका खाजगी घरात रंगवलेले भोजनदालन आहे. ‘निळ्या व सोनेरी रंगांतील सुसंवाद’ असे त्याचे व्हिस्लर यांनी दिलेले नाव होते. सध्या हे दालन अमेरिकेत वॉशिंग्टन येथील फ्रीअर कलादालनात आहे.

पार्श्वभूमी
लिव्हरपूलचे धनाढ्य जहाजमालक फ्रेडरिक लेलँड यांचे लंडनमधील घर ४९, प्रिन्सेस गेट येथे होते. चिनी मातीच्या निळ्या-पांढऱ्या भांड्यांचा त्यांचा संग्रह मांडण्यासाठी वास्तुरचनाकार टॉमस जेकिल यांनी भोजनदालनात अक्रोडाच्या लाकडाची फडताळे उभारली आणि भिंतींना जुने सोनेरी नक्षीदार चामडे लावले. शेकोटीवर व्हिस्लर यांचेच एक चित्र टांगलेले होते. चामड्यावरील लाल फुले या चित्राच्या रंगांशी विसंगत वाटल्याने व्हिस्लर यांनी किरकोळ फेरबदल सुचवले व लेलँड यांनी त्यांस संमती दिली.

काम आणि वाद
त्यानंतर लेलँड लिव्हरपूलला गेले आणि जेकिल आजारी पडले. त्यांच्या अनुपस्थितीत कामाची व्याप्ती वाढत गेली. व्हिस्लर यांनी छतावर मोरपिसांची नक्षी काढली, फडताळांना सोनेरी मुलामा दिला आणि खिडक्यांच्या झडपांवर मोर रंगवले. घरमालक परतण्यापूर्वीच त्यांनी पाहुण्यांना व पत्रकारांना दालन दाखवले. पुढे मूळ चामड्यावरही निळा रंग चढवण्यात आला.

या कामासाठी व्हिस्लर यांनी २,००० गिनी मागितल्या. लेलँड यांनी १,००० पौंड दिले. एक गिनी म्हणजे एक पौंड एक शिलिंग. कलावंत व अन्य व्यावसायिकांचे मानधन गिनींत, तर कारागिरांची मजुरी पौंडांत देण्याचा तेथे प्रघात होता. त्यामुळे रक्कम निम्म्यावर आली याखेरीज ती पौंडांत मिळाली, हाही व्हिस्लर यांना अपमान वाटला. त्यांनी समोरच्या भिंतीवर दोन भांडणारे मोर रंगवले व त्या चित्राला ‘कला आणि पैसा’ असे नाव दिले. त्यातील एका मोराच्या पायांशी नाणी विखुरलेली आहेत. तो लेलँड यांचे प्रतीक मानला जातो. दुसऱ्याच्या डोक्यावरील रुपेरी पीस व्हिस्लर यांच्या केसांतील पांढऱ्या बटेची आठवण करून देते.

नंतरचा काळ
१८७९ मध्ये व्हिस्लर यांचे दिवाळे निघाले, तेव्हा लेलँड त्यांच्या प्रमुख धनकोंपैकी एक होते. तथापि लेलँड यांनी हे दालन, त्या भांडणाऱ्या मोरांसह, १८९२ मधील आपल्या मृत्यूपर्यंत तसेच राखले. १९०४ मध्ये संग्राहक चार्ल्स लँग फ्रीअर यांनी ते विकत घेतले, सुटे करवून डेट्रॉइट येथील आपल्या घरी नेले आणि फडताळांवर आशियाई मातीची भांडी मांडली. १९१९ मध्ये त्यांच्या निधनानंतर ते वॉशिंग्टनला हलवण्यात आले. १९२३ मध्ये फ्रीअर कलादालन खुले झाल्यावर एकेकाळचे हे खाजगी दालन सर्वांना पाहता येऊ लागले.

महत्त्व
भिंती, छत, लाकूडकाम व चित्र यांची एकच कलाकृती म्हणून केलेली ही योजना एकोणिसाव्या शतकातील गृहसजावटीचे महत्त्वाचे उदाहरण मानली जाते. घर एकाचे आणि कल्पना दुसऱ्याची असताना कलाकृतीवर अधिकार कोणाचा, हा प्रश्नही तिच्या इतिहासातून पुढे येतो.