बिऱ्हाड, गाव आणि 'होम' : महाराष्ट्रातील रेल्वे-वसाहतींमधील अँग्लो-इंडियन समाजाचे स्थलांतर आणि घराची स्मृती

प्रास्ताविक

मराठी भाषेत राहत्या जागेसाठी घर आणि बिऱ्हाड असे दोन शब्द आहेत आणि त्यांच्या अर्थांत नेमका भेद आहे. पोटापाण्यासाठी माणूस जेथे राहतो ते बिऱ्हाड. जेथे त्याची जमीन, देवघर, भाऊबंद आणि कुलदैवत असते ते घर. मुंबईच्या गिरणीत राबणारा कोकणातील चाकरमानी चाळीच्या खोलीत आयुष्य काढी. परंतु गणपतीला आणि शिमग्याला तो 'घरी' जाई. त्याचे बिऱ्हाड कितीही अस्थिर असले तरी त्याच्यामागे गाव उभे असे.

ज्या समाजाच्या वाट्याला केवळ बिऱ्हाडच आले, त्याच्या घराच्या कल्पनेचे काय होते, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. महाराष्ट्रातील रेल्वे-वसाहतींमध्ये तीन-चार पिढ्या राहिलेला आणि स्वातंत्र्यानंतर मोठ्या संख्येने परदेशी गेलेला अँग्लो-इंडियन समाज हे त्याचे ठळक उदाहरण होय. या स्थलांतराचे स्पष्टीकरण बहुधा 'इंग्रजांवरील निष्ठा' या एका कारणात केले जाते. ते अपुरे आहे. या समाजाचे निवासस्थान नोकरीशी आणि त्याची ओळख कागदपत्रांशी बांधलेली होती. नोकरीचे संरक्षण सुटताच कागदाने दाखविलेली वाट धरणे अनेकांना भाग पडले, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे. लेखाच्या उत्तरार्धात मुळशी खोऱ्यातील धरणग्रस्तांच्या अनुभवाशी याची तुलना केली आहे.

व्याख्येतील घर

'अँग्लो-इंडियन' ही संज्ञा पूर्वी हिंदुस्थानात राहणाऱ्या इंग्रजांसाठी वापरली जात असे. मिश्र वंशाच्या लोकांना 'युरेशियन' म्हणत. १९११ च्या जनगणनेपासून 'अँग्लो-इंडियन' हे नाव मिश्र वंशाच्या समाजासाठी अधिकृतपणे रूढ झाले. पुढे १९३५ च्या कायद्यात आणि त्यानंतर भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३६६ (२) मध्ये त्याची व्याख्या करण्यात आली.

या व्याख्येत दोन अटी आहेत. पहिली, पित्याकडील पुरुषवंशात कोणीतरी युरोपीय असला पाहिजे. दुसरी, ती व्यक्ती भारतात अधिवास असलेली आणि येथेच जन्मलेली असावी. तिचे आईवडीलही तात्पुरत्या कामासाठी आलेले नसून येथे नित्य वास्तव्य करणारे असावेत. म्हणजे वंश पित्याकडून मोजला जातो आणि घर मात्र भारतातच धरले जाते. या वंशाच्या आरंभी असलेली भारतीय स्त्री व्याख्येत कोठेच नाही. तिचे गाव, तिची भाषा आणि तिची जात यांचा उल्लेख कौटुंबिक स्मृतीतूनही पुष्कळदा पुसला गेला. मराठी मुलखात ज्यांच्या पणज्या जन्मल्या असतील अशा कुटुंबांनाही आजोळचे गाव सांगता येऊ नये, याचे मूळ येथे आहे.

कंपनीच्या फौजेतून रेल्वेकडे

अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत ईस्ट इंडिया कंपनीला हा समाज उपयुक्त वाटत होता. शतकाच्या अखेरीस धोरण बदलले. कलकत्त्याच्या अनाथाश्रमातील मिश्र वंशाच्या मुलांना शिक्षणासाठी इंग्लंडला जाण्यास १७८६ मध्ये मनाई झाली. १७९१ मध्ये त्यांना कंपनीच्या मुलकी व लष्करी सेवेची दारे बंद करण्यात आली, आणि १७९५ मध्ये फौजेत वाजंत्री, नालबंद अशी कामेच काय ती उरली. साहजिकच अनेकांनी देशी सत्ताधीशांची चाकरी पत्करली. पुढे 'स्किनर्स हॉर्स' या रिसाल्यामुळे प्रसिद्धी पावलेला जेम्स स्किनर हा आरंभी दौलतराव शिंदे यांच्या फौजेत होता. १८०३ मध्ये इंग्रज-मराठे युद्ध पेटताच त्याला ती चाकरी सोडावी लागली. एका बाजूस 'पुरेसा इंग्रज नाही' म्हणून आणि दुसऱ्या बाजूस 'इंग्रजाचा' म्हणून दूर सारले जाणे, हा अनुभव या समाजाला तेव्हापासूनचा आहे.

१८५७ नंतर चित्र पालटले. रेल्वे, तारखाते आणि जकात या खात्यांत विश्वासू मनुष्यबळ हवे होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली होती. १८६३ मध्ये बोरघाटाचा आणि १८६५ मध्ये थळघाटाचा मार्ग खुला झाला. घाट चढण्यासाठी जादा इंजिने जोडावी लागत. त्यामुळे लोणावळा व इगतपुरी ही ठाणी महत्त्वाची ठरली. खानदेशात भुसावळ हे मोठे जंक्शन उभे राहिले. ड्रायव्हर, गार्ड, फोरमन, स्टेशनमास्तर या जागांवर अँग्लो-इंडियन मोठ्या संख्येने आले आणि त्यांच्यासाठी वसाहती वसल्या. या समाजाचे आघाडीचे नेते आणि गोलमेज परिषदेतील प्रतिनिधी सर हेन्री गिडनी यांचा जन्म १८७३ मध्ये इगतपुरी येथेच झाला, ही बाब या संदर्भात लक्षणीय आहे.

रेल्वे-वसाहतीतील बिऱ्हाड

या वसाहतींमध्ये एक स्वयंपूर्ण जग उभे राहिले होते. रेल्वे इन्स्टिट्यूटमधील नृत्याचे कार्यक्रम, नाताळाचा बॉल, हाऊजीचा खेळ, हॉकी, चर्च आणि इंग्रजी शाळा यांभोवती जीवन फिरत असे. मुलांच्या शिक्षणासाठी पुण्यात १८६४ मध्ये स्थापन झालेली बिशप्स स्कूल होती. १८१५ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे एज्युकेशन सोसायटीने १९२५ मध्ये देवळाली येथे बार्न्स स्कूल सुरू केले. स्वयंपाकघर मात्र संमिश्र होते. पिवळा भात आणि कोफ्त्याची 'बॉल करी', चिंच-मिऱ्यांचे 'पेपर वॉटर' हे पदार्थ इंग्लंडमध्ये कोणाच्याही घरी शिजत नव्हते. घराबाहेर इंग्रजी शिष्टाचार आणि चुलीवर हिंदुस्थान, अशी ही विभागणी होती. जी भारतीय आजी वंशवृक्षात सापडत नाही, तिचा माग या चुलीपाशी लागतो.

तथापि या जीवनाचा पाया कंपनीच्या किंवा सरकारच्या मालकीचा होता. क्वार्टर हुद्द्यानुसार मिळे, बदलीबरोबर बदले आणि निवृत्तीनंतर रिकामे करावे लागे. चाकरमान्याला निवृत्तीनंतर गाव होते. अँग्लो-इंडियन ड्रायव्हरला बहुधा ते नव्हते. त्या रिकाम्या जागी 'होम' हा शब्द आला. ज्यांनी इंग्लंड कधी पाहिले नव्हते, तेही त्या देशाला 'होम' म्हणत. हा केवळ मिरवण्याचा भाग होता असे म्हणणे सोपे आहे. परंतु बिऱ्हाडातील माणसाला मनात एक गाव लागतेच, या दृष्टीने पाहिल्यास त्याचा अर्थ अधिक उलगडतो. ॲलिसन ब्लंट यांनी 'डॉमिसाइल अँड डायस्पोरा' (२००५) या ग्रंथात ब्रिटन ही पितृभूमी आणि भारत ही मातृभूमी अशा दुहेरी नात्याची जी चर्चा केली आहे, ती येथे उपयुक्त ठरते.

गाव वसविण्याचे प्रयत्न

आपल्याला हक्काचे गाव नाही, याची जाणीव समाजातील विचारी मंडळींना होती. १८८२ मध्ये म्हैसूरच्या महाराजांनी दिलेल्या जमिनीवर बंगळूरजवळ व्हाइटफील्ड ही वसाहत स्थापन झाली. १९३३ मध्ये अर्नेस्ट टिमोथी मॅक्लुस्की यांनी कॉलनायझेशन सोसायटी ऑफ इंडिया स्थापन करून आजच्या झारखंडमध्ये मॅक्लुस्कीगंज वसविले. सभासदांनी वर्गणी भरून शेती करावी व निवृत्तीनंतर तेथे राहावे, अशी ती योजना होती. शेतीची सवय नसलेल्या, पगारावर जगलेल्या कुटुंबांना ते साधले नाही; पुढची पिढी नोकरीसाठी बाहेर पडली. महाराष्ट्रात तर असा प्रयत्न रुजलेला दिसत नाही. येथील समाज पुणे, मुंबई, लोणावळा, इगतपुरी, भुसावळ येथील नोकरीच्या ठाण्यांवरच राहिला.

स्थलांतर आणि कागद

संविधानाच्या अनुच्छेद ३३६ ने रेल्वे, जकात, टपाल व तार खात्यांतील या समाजाच्या जागांना मुदतीचे संरक्षण दिले. दर दोन वर्षांनी ते प्रमाण दहा टक्क्यांनी घटावयाचे आणि दहा वर्षांनी संपावयाचे होते. अनुच्छेद ३३७ मधील शैक्षणिक अनुदानाचीही मुदत तीच. म्हणजे १९६० ही तारीख प्रत्येक रेल्वे-कुटुंबाला आधीच ठाऊक होती. १९४२ पासून समाजाचे नेतृत्व करणारे फ्रँक अँथनी हे भारतातच राहण्याचा आग्रह धरीत होते. तथापि क्वार्टरमध्ये राहणाऱ्या पित्यापुढे मुलाच्या नोकरीचा आणि छपराचा प्रश्न एकदमच उभा होता.

निर्गमन स्वातंत्र्यापासूनच सुरू झाले होते. ऑगस्ट १९४७ मध्ये मुंबईहून निघालेल्या 'मनूरा' या जहाजाने शेकडो अँग्लो-इंडियन पश्चिम ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल बंदरात नेले. १९४८ च्या ब्रिटिश नागरिकत्व कायद्यानंतर पित्याकडील ब्रिटिश वंशाचा पुरावा शोधण्याची धडपड सुरू झाली. बाप्तिस्म्याच्या नोंदी, पलटणींचे दप्तर, विवाहाचे दाखले धुंडाळले गेले. ऑस्ट्रेलियाच्या 'श्वेत' धोरणाखाली तर वंशाबरोबर वर्णही तपासला जाई. त्यामुळे सख्ख्या भावंडांतही गोरेपणाच्या छटेला महत्त्व आले. १९६२ च्या कायद्याने ब्रिटनने प्रवेशावर निर्बंध घातले, तर ऑस्ट्रेलियाने आपले धोरण १९७३ मध्ये सोडले.

हा कागद नसेल तर तो कल्पनेने निर्माण करावा लागे, याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे चित्रपट अभिनेत्री मर्ल ओबेरॉन. १९११ मध्ये मुंबईत जन्मलेल्या या अभिनेत्रीने आपला जन्म टास्मानियात झाल्याचे आयुष्यभर सांगितले. हॉलिवूडमध्ये टिकण्यासाठी तिला आपले जन्मगाव लपवावे लागले.

परदेशी गेल्यावर स्मृतीची दिशा उलटली. भारतात असताना ज्यांना इंग्लंड 'होम' वाटे, त्यांना पर्थ, मेलबर्न वा लंडन येथे रेल्वे-वसाहत आठवू लागली. पाककृतींची पुस्तके, आठवणींचे संग्रह, जागतिक स्नेहमेळावे यांतून त्या बिऱ्हाडालाच गावाचे रूप आले. राहत असताना जे घर नव्हते, ते सोडल्यावर घर झाले.

मुळशीशी तुलना

घर गमावण्याचा याहून वेगळा अनुभव मुळशी खोऱ्याने घेतला आहे. मुंबईच्या उद्योगांना वीज पुरविण्यासाठी टाटा कंपनीने मुळा-नीला संगमाजवळ धरणाचे काम हाती घेतले. त्यामुळे सुमारे ५२ गावे आणि ११ हजार मावळे बाधित होणार होते. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, सत्याग्रह सुरू झाला. 'जान किंवा जमीन' ही त्याची घोषणा होती. पां. म. बापट यांना 'सेनापती' ही उपाधी याच लढ्याने दिली. विनायकराव भुस्कुटे यांनी लढ्यात भाग घेतला आणि पुढे त्याचा इतिहासही लिहिला. १९२४ मध्ये सत्याग्रह संपला आणि खोरे पाण्याखाली गेले.

मावळ्याला गाव होते, म्हणून त्याने लढा दिला. अँग्लो-इंडियनाला गाव नव्हते, म्हणून त्याने तिकीट काढले, असा सरळ विरोध येथे मांडता येईल. परंतु राजेंद्र व्होरा यांनी मुळशी सत्याग्रहाच्या अभ्यासात दाखविलेली एक बाब हा विरोध गुंतागुंतीचा करते. खोऱ्यातील पुष्कळ जमीन कर्जापोटी सावकारांच्या नावावर गेलेली होती. पिढ्यान् पिढ्या भात लावणारे कूळ दप्तरात मालक नव्हते, आणि मोबदल्याचा विचार दप्तरावरून होणार होता. म्हणजे येथेही घर कोणाचे, हे वास्तव्याने ठरले नाही, कागदाने ठरविले. दोन समाजांची भाषा, धर्म आणि राज्यकर्त्यांशी असलेले नाते सर्वस्वी भिन्न असूनही या एका मुद्द्यावर त्यांचे अनुभव जुळतात.

फरक स्मृतीच्या वाट्याला आलेल्या मानात आहे. मुळशीची आठवण राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासात नोंदली गेली. रेल्वे-वसाहतीच्या आठवणीला असे स्थान मराठी इतिहासलेखनात मिळाले नाही.

निष्कर्ष

१०४ व्या घटनादुरुस्तीनंतर जानेवारी २०२० पासून लोकसभेतील आणि विधानसभांतील अँग्लो-इंडियन सदस्यांचे नामनिर्देशन बंद झाले. महाराष्ट्र विधानसभेतील एक जागाही त्यात गेली. त्या वेळी संसदेत २०११ च्या जनगणनेच्या आधारे या समाजाची देशभरातील संख्या केवळ २९६ सांगण्यात आली. ती वास्तवापेक्षा कितीतरी कमी असल्याचा आक्षेप समाजाने घेतला. पुन्हा एकदा कागद आणि वास्तव्य यांच्यातील अंतर उघड झाले.

प्रादेशिक इतिहास हा केवळ जमीनधारकांचा इतिहास नव्हे. ज्यांनी घाटातून गाड्या चढविल्या, ज्यांची मुले पुण्यात आणि देवळालीत शिकली, ज्यांच्या कबरी येथील दफनभूमीत आहेत, त्यांचाही तो आहे. लोणावळा, इगतपुरी, भुसावळ व पुणे येथील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना चर्चमधील नोंदवह्या, कबरींवरील लेख, शाळांची हजेरीपुस्तके आणि वृद्धांच्या मौखिक आठवणी यांचे संकलन करता येण्यासारखे आहे. हे काम लवकर व्हावयास हवे. कारण जुनी क्वार्टर्स पाडली जात आहेत आणि स्वातंत्र्यपूर्व वसाहत प्रत्यक्ष पाहिलेली पिढी आता नव्वदीच्या घरात आहे. बिऱ्हाडाचा सातबारा नसतो. त्यामुळे त्याचा इतिहास लिहिला गेला नाही, तर तेथे कोणी राहिले होते याचा पुरावाही पुढच्या पिढीच्या हाती राहणार नाही.