चोरिसाची माळ

भिलाईच्या पोलाद कारखान्याला चुनखडी पुरविण्यासाठी वसलेल्या नंदिनी नगरात एका गोमंतकीय स्नेह्याच्या घरी आम्ही भाताचा एक प्रकार पाहिला. सुट्टीहून परतताना त्यांनी चोरिसाची माळ आणली होती. तिचे चार मणी फोडून कांद्यावर परतले आणि त्यांतच तांदूळ वैरले. तेल वेगळे लागले नाही. आमच्यापैकी काहीजण नुसतेच बघत बसले, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

चिनी लोक आपले 'लाप च्योंग' असेच वापरतात. ते शिजत्या भातावर ठेवायचे, म्हणजे चरबी वितळून दाण्यादाण्यात उतरते. दोन्ही पदार्थ डुकराच्या मांसाचे. टिकविण्याची युक्ती मात्र निराळी. दक्षिण चीनमध्ये साखर, सोयासॉस आणि तांदळाची दारू लावून हिवाळ्याच्या कोरड्या वाऱ्यावर ते सुकवितात. गोव्यात माडीचा शिरका, तांबडी मिरची, लसूण, मीठ आणि उन्हाळ्याचे कडक ऊन. मासळी दुर्मिळ होण्याच्या दिवसांसाठी केलेली ही बेगमी. गोमंतकात तिला पुरुमेंत म्हणतात, आणि हा शब्दही पोर्तुगीजच.

1510 साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला. हा पदार्थ त्यांचा, मिरचीही अमेरिकेतून त्यांनीच आणलेली. 1557 च्या सुमारास त्यांनी मकाव येथे ठाणे वसविले. 1844 पर्यंत त्याचा कारभार गोव्याच्या अधीन होता. मकावच्या 'ताशु' नामक रश्श्यात मात्र चिनी लाप च्योंगच पडते. तेथे राज्यकर्त्यांनी रयतेचा पदार्थ उचलला, गोव्यात रयतेने राज्यकर्त्यांचा.

उचलला म्हणावे की उचलावा लागला? गोव्यातील इन्क्विझिशन 1560 साली सुरू झाले व मधली थोडी वर्षे सोडता 1812 पर्यंत चालले. प्रा. अ. का. प्रियोळकर यांनी 1961 साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथात त्याची कागदपत्रे वाचावयास मिळतात. 1736 च्या जाहीरनाम्याने बाटलेल्या लोकांना, हिंदू करीत त्याप्रमाणे, मिठावाचून भात शिजविण्याची बंदी केली होती. ज्या राजवटीचे डोळे भाताच्या मडक्यात होते, तिच्या अमलात चुलीवर टांगलेली चोरिसाची माळ निदान काही घरांत साक्षीदाराचे काम करीत असावी, असा आमचा तर्क आहे. पुढे भीती गेली, चव राहिली. आज ही माळ मडगाव-म्हापशाच्या बाजारात उघड लटकते, आणि सुट्टीवर गेलेला गोमंतकीय ती हटकून विकत घेतो.

आमच्या यजमानीणबाईंनी त्या दिवशी भातात मीठ मुळीच घातले नव्हते. विचारले, तेव्हा म्हणाल्या, "चोरिसात असतंच की!"