दुखण्याचे नाव

डॉक्टरांच्या तोंडून ‘न्यूराल्जिया’ असा शब्द ऐकला की माणूस दचकतो. काहीतरी भलताच रोग जडला, असे त्याला वाटते. पण हा शब्द जरा उकलून पाहा. ‘आल्गोस’ म्हणजे ग्रीक भाषेत वेदना. त्यावरून ‘आल्जिया’ हे शेपूट आले. न्यूराल्जिया म्हणजे मज्जातंतूचे दुखणे, मायाल्जिया म्हणजे स्नायूंचे, आर्थ्राल्जिया म्हणजे सांध्यांचे. आपल्या वैद्यांनी शिरःशूल, कर्णशूल ही नावे केली, तीच ही रीत. वेदनाशामक औषध ते ‘अनाल्जेसिक’. त्यातला ‘अन्’ आपल्या ‘अनादर’मधल्या ‘अन्’चा सख्खा भाऊच!

आता याच कुळातल्या एका शब्दाची हकिकत सांगतो.

इ. स. १६८८. स्वित्झर्लंडातील बाझल येथे योहानेस होफर नावाच्या, विशी न ओलांडलेल्या विद्यार्थ्याने वैद्यकीचा प्रबंध लिहिला. विषय होता घराच्या आठवणीने झुरणारी माणसे. परमुलखात चाकरी करणारे स्विस शिपाई या दुखण्याने खंगत. लोक त्याला जर्मन भाषेत ‘हाइमवे’, म्हणजे घरासाठीचे दुःख, म्हणत. परंतु वैद्यांच्या दप्तरी त्याला नाव नव्हते. होफरने ‘नॉस्टोस’ म्हणजे घरी परतणे आणि ‘आल्गोस’ म्हणजे वेदना, हे दोन शब्द जोडून ‘नॉस्टाल्जिया’ हे नाव घडवले. त्याने एका शेतकऱ्याच्या मुलीचे उदाहरण दिले आहे. पडून जखमी झाल्यामुळे तिला रुग्णालयात ठेवले होते. ती अन्न घेईना, औषध घेईना. “मला घरी जायचंय” एवढेच म्हणे. घरी नेल्यावर ती थोड्याच दिवसांत बरी झाली.

नाव मिळाले आणि दुखणे खरे ठरले. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धात (१८६१ ते १८६५) लष्करी डॉक्टरांनी पाच हजारांहून अधिक सैनिक या नावाखाली नोंदवले. आज हा शब्द रोगाचा राहिलेला नाही. गेलेल्या दिवसांची गोड हुरहूर, एवढाच अर्थ उरला आहे. मात्र त्याच्या पोटात ‘आल्गोस’ अजून आहेच.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, वसतिगृहात नवे आलेले पोर जेवत नाही, पोट दुखते म्हणून कोपऱ्यात बसते. त्याला डॉक्टरांना जरूर दाखवा. पण पोटात काही सापडले नाही, तर “सोंग करतोस” असे मात्र म्हणू नका. घर कुठे, घरी कोण कोण, एवढे जवळ बसून विचारा.